तुझी खुर्ची शेजारच्या खोलीत गेली

विभावरी,

आधी वाईट बातमी सांगतो, म्हणजे नंतर चांगली येईल या आशेनं तू शेवटपर्यंत वाचशील. चांगली नाहीये. पण माझं लिखाण तू शेवटपर्यंत वाचलंस कधी? "सल्लागार, दुसऱ्या पानावर काही वेगळं आहे का?" एवढं विचारून तू माझे अहवाल चहाच्या पातेल्याखाली ठेवायचीस. तर बातमी अशी: आपलं संध्याकाळचं केंद्र बंद झालं. आणि तुझी खुर्ची शेजारच्या खोलीत गेली.

दोन्हींत मला जास्त काय लागलं म्हणशील, तर खुर्ची. माझं हे असंच. घराला आग लागली तर मी आधी छत्री शोधणार.

तू जाऊन महिनासुद्धा झाला नाही. एवढ्या वेळात पुण्यात रस्त्यावरचा खड्डा बुजत नाही, तुझी जागा मात्र बुजली.

आपली पहिली भेट माझ्या एका भव्य मूर्खपणानं झाली, हे तू चारचौघांत इतक्यांदा सांगितलंस की आता ते सांगायचं काम माझ्याकडे आलंय. एचआयव्ही प्रतिबंधाचा नवा आराखडा करायचा होता आणि तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारून करायचा, असं वरून आलं होतं. मी कार्यक्रमाचा सल्लागार; म्हणजे पोस्टर लिहिणारा, अहवाल लिहिणारा आणि हॉल ठरवणारा. मी हॉल ठरवला. पोहे सांगितले. वेळ ठेवली सकाळी अकराची. बोलावलं कुणाला? तर गल्लीतल्या धंदा करणाऱ्या बायांना, तृतीयपंथीयांना, रात्री पुलाखाली भेटणाऱ्या पुरुषांना. ज्यांचा दिवस संध्याकाळी उजाडतो अशा सगळ्यांना मी त्यांच्या मध्यरात्री पोहे खायला बोलावलं होतं. कुणीही आलं नाही. पोहे कार्यालयानं खाल्ले.

सगळं आवरत असताना तू आलीस. डोळे सुजलेले, अंगावर साधी हातमागाची साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, कर्वेनगरातल्या कुठल्या तरी कॉलेजातल्या प्राध्यापिका. मी अदबीनं पुढे झालो आणि म्हणालो, "मॅडम, आपण चुकून इकडे आलात वाटतं. हे एचआयव्हीचं आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. "आपण कोण?"

मी पद सांगितलं. लांबलचक होतं, मध्ये श्वास घ्यावा लागला.

"पद नाही विचारलं. जाऊ द्या. पोहे उरलेत का?" आणि बशी हातात घेऊन: "पुण्यात दुकानदार एक ते चार झोपतो, तर अख्खं गाव त्याचा मान ठेवतं. आमच्या झोपेनं काय घोडं मारलंय?"

मी मूळचा बार्शीचा. पुण्यात येऊन केस पांढरे झाले, तरी अजून 'पाणी' म्हणताना ओठांवरून 'पानी' निसटतं. तू अस्सल पेठेतली, सदाशिवातली, आणि ते तू मला एक दिवसही विसरू दिलं नाहीस. तुझ्या गुरूनं तुला कुठलं तरी चमचमतं नाव दिलं होतं, ते तू परत केलंस म्हणे. घेतलंस काय, तर विभावरी! तृतीयपंथीयांच्या जमातीत सगळ्या हसल्या. "अगं, हे नाव टाळी वाजवून घेता येतं का?" असं एकीनं विचारलं होतं, आणि तू म्हणालीस, "नाव घ्यायचंय, वाजवायचं नाहीये." हेच नाव का, ते मी एकदा विचारलं. तू मला दूध आणायला पाठवलंस.

माझं पहिलं पोस्टर तुला आठवत असेल. नवरा, बायको, दोन मुलं, मागे हिरवळ, वर 'सुरक्षित कुटुंब, सुखी कुटुंब'. ते मी गल्लीच्या तोंडाशी लावलं होतं. तू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलीस. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"छान आहे. धायरीत का? टू बीएचके?"

मी खरंच धायरीत राहतो, टू बीएचकेत. ते तुला तेव्हा माहीत नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं.

मग आलं तपासणी केंद्र. त्याच्यावर मी एवढा मोठा फलक लावला: 'एचआयव्ही तपासणी केंद्र', लाल अक्षरं, खाली बाण. बाणाबद्दल तर मला अभिमान होता. पुढे कित्येक दिवस समोरचा न्हावी सोडला तर आत कुणी आलं नाही, आणि तोही सुट्टे मागायला. तू आलीस, फलक वाचलास आणि म्हणालीस, "खाली स्पीकरही लावा. आत कोण गेलं त्याचं नाव पुकारायला."

"मग काय करू?"

"आधी विचारा. सल्लागार, तुम्ही लोक पानं वाढून झाल्यावर विचारता, मीठ बरोबर आहे ना? मीठ बरोबरच असतं हो. भाजी कुठली करायची, ते ठरवताना बोलवा."

तुझं हे वाक्य मी अहवालात घातलं. कार्यालयात त्याचं इंग्रजी झालं आणि त्यातून भाजी गेली. पण निदान आराखडा समितीत समुदायासाठी एक खुर्ची आली आणि तिच्यावर तू आलीस. फलक उतरला, तिथं नुसतं 'आरोग्य केंद्र' आलं. वेळ संध्याकाळी पाच ते आठ झाली. तपासणीच्या ताई आतल्या खोलीत, आणि बाहेर दारापाशी तू, चहाचं पातेलं घेऊन. येणारा दारातच घुटमळायचा. तू त्याला आजार विचारला नाहीस, पत्ता विचारला नाहीस. पहिलं विचारायचीस ते नाव. "खरं-खोटं कुठलंही चालेल. मला हाक मारायला हवं." खोटं नाव सांगून आत आलेली माणसं महिन्याभरात खऱ्या नावावर यायची. मग त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र यायचे.

तू काही देवी नव्हतीस, हेही लिहून ठेवतो, नाहीतर वरून ओरडशील. उशिरा येणाऱ्याला तू बिनसाखरेचा चहा द्यायचीस. गल्लीतल्या बायांशी वर्षभर बोलत नव्हतीस, का, तर एकीनं तुझ्या पातेल्यात अंडी उकडली. आणि खराडीच्या आयटी कंपन्यांतली ती मोबाइलवरून भेटी ठरवणारी मुलं केंद्रात यायला लागली, तेव्हा तू नाक मुरडलंस. "हे आपल्यातले नाहीत. यांना एसी लागतो." त्यावरून आपलं केवढं भांडण झालं! मी म्हणालो, "समुदाय समुदाय करतेस, समुदाय म्हणजे कोण ते तरी ठरव. तू म्हणशील तो?" तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाला चहा देता देता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "समुदाय म्हणजे जो संध्याकाळी दार वाजवतो तो. लिहून घ्या, नाहीतर विसराल." हार मानायची तुझी ही पद्धत. जिंकल्यासारखी.

समितीत मात्र तू कधी हरली नाहीस आणि जिंकलीही नाहीस. टेबलावर प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची घडी केलेली पाटी असायची. डॉक्टरांच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव, मॅडमच्या पाटीवर मॅडमचं. मॅडम म्हणजे समितीच्या प्रमुख अधिकारी. कार्यालयाच्या मानानं मऊ बाई. तुझ्या पाटीवर नुसतं 'समुदाय प्रतिनिधी'. तू नाव लिहायला सांगितलंस. मॅडम म्हणाल्या, "अहो, व्यक्ती बदलते, पद राहतं. कशाला पुन्हा पाटी छापायची?" तू हो म्हणालीस, पर्समधून भुवयांची पेन्सिल काढलीस, पाटी उलटी केलीस आणि मागच्या कोऱ्या बाजूवर 'विभावरी' लिहिलंस. दर बैठकीत शिपाईमामा पाटी सरळ ठेवायचे आणि दर बैठकीत तू ती उलटी करायचीस.

खुर्चीवरून आपला जो वाद झाला, तो अर्धाच राहिला. तुला ताप होता आणि दुसऱ्या दिवशी बैठक. मी म्हणालो, "तुझ्या जागी कुणाला तरी पाठव."

"नको. रिकामी राहू दे. बोलताना त्यांना ती दिसू दे."

"विभावरी, रिकामी खुर्ची बोलत नाही."

"भरलेल्याही कुठं बोलतात?"

मी तुला समजावलं, की आत बसलेला एक माणूस, मग तो कसाही असो, बाहेरच्या शंभरांपेक्षा बरा. तू म्हणालीस, "कसाही बसवला की त्यांची सोय होते. रिकामी असली की त्यांना लाज वाटते." मी म्हणालो, "लाज कुणाला वाटते हल्ली?" तू म्हणालीस, "बघू." आणि तापातच उठून रिक्षानं गेलीस बैठकीला. म्हणून ते बघायचं राहून गेलं.

आता बघितलं.

पण आधी स्मशानातलं सांगतो. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. केंद्रातली सगळी माणसं आली होती, खराडीची मुलंही. त्यांनी कोपऱ्यात उभं राहून हमसून रडून घेतलं, एसी नव्हता. मी अंत्यदर्शनाला हार घेऊन निघालो आणि गडबडीत शेजारच्या चितेवरच्या कुणा निवृत्त गृहस्थांना घालून आलो. त्यांच्या मुलानं मला नमस्कार केला, मीही केला. तू असतीस तर आठवडाभर पुरलं असतं.

मग एक गृहस्थ जवळ आले. पांढरा सदरा, तुझंच कपाळ. भाऊ. इतक्या वर्षांत तू त्यांच्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतंस. त्यांनी विचारलं, "इथं सगळे विभावरी म्हणतायत. हे नाव कुणी ठेवलं?"

"तिचं तिनंच."

ते धुराकडे बघत म्हणाले, "आमच्या आईचं माहेरचं नाव. लग्नात बदललं. घरात कुणी ते उच्चारायचंही नाही. त्याला... तिला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं."

एवढं बोलून ते गेले. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून ज्या बाईचं पहिलं नाव पुसलं, ते तू उचलून आयुष्यभर अंगावर घातलंस. आणि मी तुला विचारलं, तर तू मला दूध आणायला पाठवलंस. बरं केलंस. मी ते अहवालात घातलं असतं.

आता बैठक. तुझ्यानंतरची पहिली. मॅडमचा फोन आला. "सल्लागार, त्या खुर्चीवर तुम्हीच बसा ना. तुम्हाला त्यांचं सगळं माहीत आहे. इतिवृत्तात समुदाय प्रतिनिधी उपस्थित, असं आलं की झालं." बाई वाईट हेतूनं म्हणाल्या नाहीत, हेच तर वाईट. पूर्वीचा मी असतो तर हो म्हणालो असतो. माझाच तर मुद्दा होता, कसाही असो, माणूस हवा. पण तुझ्या आठवणीनं मला स्फुरण चढलं. मी म्हणालो, "नाही मॅडम, ती खुर्ची रिकामीच राहील." फोन ठेवून आरशात बघितलं. खोटं कशाला बोलू, बरा दिसत होतो.

बैठकीला इस्त्रीचा कुडता घालून गेलो. सगळ्यांच्या आधी पोचलो आणि तुझी पाटी उलटी केली. पेन्सिलीचं 'विभावरी' अजून होतं. कार्यालयानं काटकसरीनं तीच पाटी ठेवली होती. मी मागच्या रांगेत माझ्या जागी बसलो आणि लाज वाटण्याची वाट बघू लागलो.

खराडीच्या एका कंपनीनं ॲप केलंय, ते पडद्यावर दाखवत होते. आता लोक मोबाइलवरच भेटतात, तेव्हा त्यांना माहितीही मोबाइलवरच मिळेल. समुदायाचा सहभागही त्यातच. सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे. त्यामुळे संध्याकाळच्या केंद्राची गरज उरत नाही. तपासणी मोठ्या दवाखान्यात, सकाळी दहा ते एक. मी उभा राहिलो आणि संध्याकाळच्या वेळेबद्दल बोललो. चांगलं बोललो असेन, कारण मॅडम म्हणाल्या, "फार महत्त्वाचा मुद्दा. नोंद घेऊ या." इथं नोंद घेणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तेवढ्यात दार उघडून शिपाईमामा आत आले. शेजारच्या खोलीत कसलं तरी प्रशिक्षण होतं, खुर्च्या कमी पडल्या होत्या. त्यांनी नजर फिरवली आणि तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"इथं कोणी बसणार आहे का?"

सगळे पाटीकडे बघायला लागले. बघ, दिसली त्यांना खुर्ची. तुझं तेवढं खरं झालं. मी म्हणालो, "ती विभावरींची आहे."

मामा थबकले. तुझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस तो. हळू आवाजात म्हणाले, "ते माहीत आहे हो, साहेब. पण त्या येणार आहेत का?"

मी पाटीकडे बोट केलं.

"मग नेतो. तिकडं एक पोटुशी बाई उभी आहे. संपलं की आणून ठेवतो."

पोटुशी बाई! याच्यावर काय बोलणार? तूच उठून दिली असतीस. मामांनी खुर्ची उचलली. मॅडम म्हणाल्या, "बसा ना सल्लागार, तुम्हाला आहे ना खुर्ची?" मी बसलो. ॲप पुढे सरकलं. आराखडा मंजूर झाला. इतिवृत्तात तुझ्या रकान्यात 'रिक्त' असं आलं, आणि पुढच्या बैठकीपासून तो रकानाच नसेल, कारण रिक्त पदं कमी करायची आहेत. खुर्ची परत आली का, ते बघायला मी थांबलो नाही.

आयुष्यात एकदाच तुझं ऐकलं, विभावरी, आणि त्यात तू चुकलीस. आणि मी बसलो असतो, तर मी चुकलो असतो. तिसरं काही होतं का, ते आता कुणाशी भांडून शोधू?

काल संध्याकाळी केंद्रावर गेलो. काम म्हणशील तर तुझं चहाचं पातेलं आणायचं होतं. कुलूप बदललेलं होतं. पातेलं आतच राहिलं. त्याच्याखाली माझे अहवाल असतील. मी पायरीवर बसलो. समोरच्या न्हाव्यानं हात केला, मीही केला.

तेवढ्यात एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, अंगावर रखवालदाराचा गणवेश, हातात डबा. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. तू असतीस तर पहिल्याच फेरीला धरला असतास. शेवटी तोच जवळ आला.

"विभाताई हायेत का जी?"

बोलण्यावरून विदर्भाकडचा. मी म्हणालो, "नाहीत."

"कवा येतील?"

काय सांगू? म्हणालो, "केंद्र बंद झालंय. आता मोठ्या दवाखान्यात. सकाळी दहाला."

"सकाळी तं ड्यूटी रायते जी." तो डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. "खराडीले भेटल्या होत्या ताई, मागच्या दिवाळीले. म्हणे, भेव वाटलं तरी ये, संध्याकाळी मी दारातच असते. लय दिस झाले. आज हिंमत केली."

"मी येतो तुमच्याबरोबर. सुट्टी काढा एक दिवस. मी बरोबर असेन," मी म्हणालो. घाईनं म्हणालो. पोस्टरसारखा म्हणालो.

त्यानं माझा इस्त्रीचा कुडता पाहिला, चष्मा पाहिला, मागचं कुलूप पाहिलं.

"तुमी कोण होय जी? डाक्टर?"

"नाही, नाही."

"मंग?"

पद सांगितलं असतं तर तो पळाला असता. तुझा मित्र म्हणावं, तर तुझ्यासमोर तो शब्द मी कधी वापरला नव्हता. तो तोंडातून निघेना. मी नुसताच हात हलवत राहिलो. तो समजूतदारपणे हसला, म्हातारा बिचारा वाट चुकलाय अशा नजरेनं, आणि "बरं, येतो" म्हणून निघाला. रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर उभा राहिला. बस येईपर्यंत उभाच होता. भरपूर वेळ होता. मी पायरीवरून उठलो, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं, मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.